माउसवरचा हात काढा : मोठ्या माणसांना संगणकावर लिहायला-वाचायला शिकवताना

शिकवायला बसलेल्या माणसाचा हात पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याच्या माउसकडे जातो. माझाही गेला होता. पन्नाशीच्या एक मावशी स्क्रीनवरचा बाण एका चौकोनात न्यायला धडपडत होत्या. बाण कधी वर पळायचा, कधी कडेला जाऊन चिकटायचा. मी म्हटलं, "द्या इकडे, मी करते," आणि क्लिक करून मोकळी झाले. मावशी पुढचे दोन आठवडे फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला पटकन येतं हो. आमच्यामुळे उगाच खोळंबा." तेव्हापासून वर्गात मी हात पाठीमागे धरून उभी राहते.

शाळा अर्धवट सुटलेल्या किंवा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मोठ्या माणसांना संगणकाच्या मदतीने लिहिणं, वाचणं आणि हिशोब शिकवायला तुम्ही निघाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. काही वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. या माणसांच्या वाटेतला सगळ्यात मोठा धोंडा म्हणजे लाज. संगणक ती लाज खूप कमी करू शकतो, कारण त्याच्यासमोर केलेली चूक शेजाऱ्याला दिसत नाही आणि दहाव्यांदा तेच विचारलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. मात्र तोच संगणक चुकीच्या पद्धतीने समोर ठेवला, तर "वाचता येत नव्हतंच, आता हेही येत नाही" अशी दुहेरी लाज वाट्याला येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन टोकांच्या मधून वाट काढण्यासाठी आहेत.

१. आधी गप्पा मारा, परीक्षा घेऊ नका

बहुतेक सॉफ्टवेअर उघडल्या उघडल्या पातळी तपासणारी चाचणी पुढे करतात. पंधरा प्रश्न आणि चुकलं की लाल फुली. पहिल्याच दिवशी ही चाचणी देऊ नका. शाळेत जे झालं तेच पुन्हा झालं, असं त्या माणसाला वाटतं आणि तो उठून जातो.

त्याऐवजी टेबलावर पाच-सहा वस्तू मांडून ठेवा : कॅलेंडरचं पान, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, विजेचं बिल, वर्तमानपत्राचा मथळा, एखादा कोरा अर्ज. मग विचारा, "यातलं काय काय ओळखीचं वाटतंय?" दहा मिनिटांत तुम्हाला कळेल की समोरचा माणूस या तिघांपैकी कोण आहे. एक, अक्षरओळखच नसलेला. दोन, तिसरी-चौथीपर्यंत शिकलेला, पण वापर नसल्याने गंज चढलेला. तीन, वाचणारा, पण लिहायची वेळ आली की अंग चोरणारा. तिघांची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी होते, आणि तिघांना एकाच धड्यावर बसवलं की दोघं कंटाळतात.

दुसरा प्रश्न, "कशासाठी शिकायचंय?" मिळालेलं उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. "मुलीचा मेसेज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो." "कामावर नोंदवही भरायला सांगतात, मी अंगठा दुखतो म्हणून सांगते." पुढे महिनाभराने पाय मागे पडायला लागतात तेव्हा हीच ओळ कामाला येते.

एक खूण लक्षात ठेवा. "चष्मा विसरले", "तुम्हीच वाचा ना, तुमचा आवाज छान आहे", "घरी जाऊन भरून आणतो" ही वाक्यं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली असतात. ती पकडून दाखवू नका. आणि कधी कधी चष्मा खरंच विसरलेला असतो.

२. डोळे, कान आणि खुर्ची

चाळिशीनंतर जवळचं बारीक दिसणं कमी होतं. ज्याला कधी वाचायलाच लागलं नाही, त्याला ते कळलेलंही नसतं. "अक्षरं डोक्यात शिरत नाहीत" म्हणणारे दोघं-तिघं माझ्याकडे असे निघाले की त्यांना फक्त जवळच्या नंबरचा चष्मा हवा होता. म्हणून पहिल्या आठवड्यात डोळे तपासून घ्यायला सांगा आणि ते सगळ्यांनाच सांगा, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही.

स्क्रीनवरचं अक्षर किमान २० पॉइंट ठेवा, सुरुवातीला २८ सुद्धा चालेल. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं. रंगीबेरंगी, फिकट अक्षरांचे धडे बाजूला ठेवा. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडणार नाही असं टेबल लावा.

प्रत्येकाला हेडफोन द्या. हा खर्च टाळू नका. हेडफोन नसेल तर "पुन्हा प्रयत्न करा" हे वाक्य सगळ्या खोलीला ऐकू जातं, आणि संगणकाने दिलेला आडोसा तिथेच संपतो.

३. काय काय जमवायचं

यंत्र फार भारी लागत नाही. पाच-सात वर्षं जुना संगणकही पुरतो. मात्र ही यादी पूर्ण करा :

- संगणक किंवा लॅपटॉप, शक्यतो दोघांत एक. तिघांत एक झाला की तिसरा कायम नुसता बघत बसतो.
- तारेचा माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर नवख्या माणसाला बसवू नका. कामाने बोटं राठ झालेली असतील, तर टचपॅड त्यांचं नीट ऐकत नाही.
- प्रत्येकी हेडफोन आणि आवाजी टंकलेखनासाठी एक मायक्रोफोन.
- कळफलकावर चिकटवायची देवनागरी अक्षरं.
- इंटरनेटशिवाय चालणारे धडे. ऐन तासात जोडणी गेली की सगळा वर्ग तुमच्या तोंडाकडे बघतो.
- छापायची सोय. प्रिंटर वर्गात नसला तरी जवळपास असावा.
- प्रत्येकाची वही, पेन्सिल आणि खोडरबर. हो, संगणकाच्या वर्गातही.
- प्रत्येकाच्या नावाचं वेगळं फोल्डर. त्यावर नावासोबत त्यांनी निवडलेलं चित्र लावा, म्हणजे वाचता येण्याआधीही स्वतःचं फोल्डर ओळखता येतं.

फोनवरही शिकता येतं. घरच्या सरावासाठी तर फोनच उपयोगी, कारण तो हाताला सवयीचा असतो. पण घरातल्या चौघांत मिळून एक फोन असेल, तर सराव कधी करणार आणि कुणासमोर, हे आधी विचारून घ्या.

४. पहिले दोन दिवस : नुसता माउस आणि कळफलक

पहिल्या दिवशी अक्षरं शिकवूच नका. पत्त्यांचा सॉलिटेअर उघडा. हा खेळ १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला आणि जगभरच्या लोकांचा हात त्याच पत्त्यांवर बसला : पत्ता पकडायचा, ओढायचा, सोडायचा. खेळात हरण्याची कुणाला लाज वाटत नाही. तासाभरात हात स्थिरावतो.

माउस सपाटीवर सरकवायचा असतो, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचंच राहून जातं. मी लोकांना माउस उचलून स्क्रीनकडे धरताना पाहिलंय, टीव्हीच्या रिमोटसारखा. त्यात हसण्यासारखं काही नाही, तर्क बरोबरच आहे. टेबलाच्या कडेला माउस पोचला की तो उचलून मध्ये आणून ठेवायचा, हेही शब्दांत सांगावं लागतं.

डबल क्लिक हा दुसरा अडथळा. विंडोजमध्ये दोन क्लिक अर्ध्या सेकंदाच्या आत पडावे लागतात. सावकाश बोटांना ते जमत नाही, आणि दुसऱ्या क्लिकला माउस जरासा हलतो. सेटिंगमध्ये जाऊन हा वेग कमी करा. नाहीतर सरळ एक क्लिक आणि मग एंटर शिकवा, तेवढ्याने काम होतं.

कळफलकाचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण माझे पहिले तीन महिने इथेच वाया गेले.

आपण बरेच जण मराठी टाइप करताना रोमन अक्षरं वापरतो. के-ए-एम-ए-एल दाबलं की 'कमल' उमटतं. मी वर्गात तेच लावलं होतं. ज्यांना क येत नाही, त्यांच्याकडून मी आधी इंग्रजी के मागत होते! त्यात कळफलकावर मोठी लिपी आणि काही धड्यांत छोटी लिपी, म्हणजे गोंधळात भर. अशा वर्गाला इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या मांडणीचा, कळफलकच हवा. त्यात एक कळ म्हणजे एक अक्षर. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. तसेच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. शिकणाऱ्याला जोड्या कळल्या की निम्मा कळफलक पाठ होतो, आणि वर्णमालेतली घराणी जाता जाता ध्यानात येतात.

यात दोन सापळे आहेत. पहिला, ऱ्हस्व वेलांटी. 'कि' वाचताना डोळ्याला वेलांटी आधी दिसते, पण कळ आधी क ची दाबायची आणि मग वेलांटीची. पहिल्या दिवशी हे सांगितलं नाही, तर 'दिवस' लिहिताना वेलांटी एका रिकाम्या गोलावर लटकून बसते आणि माणूस घाबरतो. दुसरा सापळा शिफ्टचा. एका बोटाने टाइप करणाऱ्याला दोन कळा एकदम धरणं अवघड जातं. त्यात शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली गेली की 'स्टिकी कीज'ची खिडकी अचानक पुढे येते. अनेक जण ती सोय बंद करून टाकतात. मी म्हणते, ती चालूच ठेवा. मग शिफ्ट दाबून सोडायची आणि नंतर निवांतपणे अक्षराची कळ दाबायची. जड हातांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

कळ दाबून धरली की ककककक अशी रांग लागते. कळ पुन्हा उमटण्याचा वेग सेटिंगमध्ये कमी करून ठेवा. आणि चूक मागे घेण्याची कळजोडी, कंट्रोल-झेड, पहिल्याच दिवशी दाखवा. "इथे काहीही बिघडत नाही, बिघडलं तर असं मागे घ्यायचं," एवढं कळलं की खांदे खाली येतात.

५. सॉफ्टवेअर निवडताना

संगणकावर आपापल्या चालीने शिकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही प्रणाली सुरू केली, तीच मुळी या कल्पनेवर. आपल्या देशात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००० साली, कंपनीचे माजी प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने, प्रौढांसाठी संगणकाधारित साक्षरतेचा प्रयोग तेलुगूपासून सुरू केला. त्यात सुट्या अक्षरांऐवजी ओळखीचे शब्द चित्रांसह आणि आवाजासह दाखवत, आणि सुमारे ४० ते ४५ तासांत माणूस साधा मजकूर वाचायला लागावा असा बेत होता. हा आकडा तुमच्या वर्गात सांगताना मात्र जपून. ते उद्दिष्ट काहीशे शब्दांच्या वाचनाचं होतं, लिहिणं त्याच्या पुढचं. "दीड महिन्यात लिहा-वाचायला शिका" अशी पाटी लावाल, तर दोन महिन्यांनी अडलेला माणूस दोष स्वतःलाच देईल.

निवडताना मी पुढच्या गोष्टी बघते.

ते लहान मुलांसाठी बनवलेलं आहे का? नाचणारं बदक, टाळ्यांचा आवाज, "शाब्बास बाळा!" असलं काही असेल तर सोडून द्या. माझ्या वर्गात एका काकांच्या संगणकावर अशा टाळ्या वाजल्या. त्या दिवशी हेडफोन नव्हते. सगळ्यांनी वळून पाहिलं. काका शांतपणे उठले, चप्पल घातली आणि गेले. चूक माझी होती, धडा मी आधी स्वतः करून पाहिलाच नव्हता.

ते विचारतं, की नुसतं दाखवतं? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे निघाले ते न बघता आठवून पाहणारे. म्हणून जो धडा शब्द दाखवून झाल्यावर तो झाकून विचारतो, तो चांगला.

पर्याय किती? दोन चित्रांतून एक निवडायचं असेल, तर डोळे मिटूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात. अशा धड्यातले 'साठ टक्के' म्हणजे जवळजवळ काहीच नाही. चार पर्याय हवेत. शक्य तिथे शब्द स्वतः टाइप करायला लावणारा धडा बघा.

घड्याळ बंद करता येतं का? वेळ मोजणारा काटा सुरुवातीला नकोच.

आणि ल, श ही अक्षरं कशी दिसतात ते बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. पाटीवर एक ल आणि स्क्रीनवर दुसराच. आपल्या नजरेला ते खटकत नाही, पण काल ल शिकलेल्या माणसाला ते नवीनच अक्षर वाटतं.

६. शब्दापासून सुरुवात करा, आणि तो शब्द त्यांचा असू द्या

अ आ इ ई पासून सुरुवात केली, तर पहिला उपयोगी शब्द हाती यायला महिना लागतो. तेवढा धीर कामावरून थकून आलेल्या माणसात नसतो, आणि का असावा?

शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या आंजिकोस इथे सुमारे ३०० मजुरांना शिकवलं, ते त्यांच्या जगण्यातले शब्द घेऊन. त्यांचं एक गाजलेलं उदाहरण 'तिजोलो', म्हणजे वीट. शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचं, मग त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचं घराणं उभं करायचं : ता, ते, ति, तो, तु. आपल्याकडे हे घराणं बाराखडीच्या रूपाने आयतं आहे.

बांधकामावर काम करणारा माणूस असेल, तर 'वीट' हाच शब्द घ्या. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 'वीट'. शेजारी त्यांनीच काढलेला विटेचा फोटो. मग व आणि ट वेगळे. 'वी'चा 'वा' करा, 'वाट' होते. 'व'च्या जागी 'प' घाला, 'पाट'. 'ट'ला वेलांटी द्या, 'पाटी'. एकच अक्षर बदललं की शब्द बदलतो, हे वहीत खोडाखोडीने दिसतं, पण स्क्रीनवर एका कळीत दिसतं. संगणकाची खरी करामत मला इथेच वाटते. त्या काकांनी, हो, तेच टाळ्यांवाले, तीन आठवड्यांनी परत आले होते, 'पाटी'चं 'वाटी' आणि 'वाटी'चं 'पाटी' असं पंधरा वेळा केलं. मध्येच थांबून म्हणाले, "म्हणजे हे सगळं तुकड्या-तुकड्यांचं आहे."

शब्द पंधरा-वीस झाले की वाक्याकडे जा. इथे आवाजी टंकलेखन वापरा. मायक्रोफोन सुरू करून त्यांना आजच्या दिवसाबद्दल तीन वाक्यं बोलायला सांगा. स्वतःचं बोलणं समोर अक्षरांत उमटताना दिसतं. यंत्र दोन-तीन शब्द चुकीचे ऐकतं, ते तुम्ही शांतपणे दुरुस्त करा. पण बोली दुरुस्त करू नका. "मी गेली व्हती" म्हणाल्या असतील, तर तेच राहू द्या, कारण त्यांना ते वाचता येईल, आणि वाचता येणं हेच आत्ता हवंय. मग ते छापून घ्या, वाक्यांच्या पट्ट्या कापा, पुन्हा जुळवायला द्या. स्वतःचंच वाक्य असल्याने पुढचा शब्द काय असणार याचा अंदाज असतो, आणि त्या अंदाजाच्या काठीने माणूस पुढे सरकतो.

युनेस्कोने १९५८ साली साक्षरतेची व्याख्या केली, तीही याच्या जवळची आहे : रोजच्या आयुष्याबद्दलचं छोटं, साधं विधान समजून वाचता आणि लिहिता येणं. पहिला टप्पा एवढाच ठेवा.

अडणारी अक्षरं ठरलेली आहेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट-ठ-ढ. ख तर र आणि व जवळजवळ ठेवल्यासारखा दिसतो. या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. घ पक्का झाल्यावर आठवडाभराने ध आणा. जोडाक्षरांत र सगळ्यात छळतो : 'सूर्य'मधला वर, 'चक्र'मधला खाली, 'ट्रक'मधला आणखी वेगळा आणि 'दुसऱ्या'मधला चौथाच. कळफलकावर मात्र पहिल्या तिघांत तो र आणि हलन्त असाच असतो, फक्त क्रम बदलतो; 'दुसऱ्या'साठी तेवढा शिफ्ट धरून वेगळा ऱ घ्यावा लागतो. 'र्य'मध्ये आधी र, 'क्र'मध्ये शेवटी र. मला स्वतःला रफार नीट कळला तो इथे शिकवताना, हे कबूल करते.

'ऐका' हे बटण जपून वापरा. सोय चांगली, पण काही जण दर शब्दाला तेच दाबतात, आणि डोळे नुसते सोबतीला असतात. माझा नियम असा : आधी बोट ठेवून स्वतः वाचायचं, मग बटण दाबून ताडून बघायचं.

७. हिशोब : इथे ते तुमच्या पुढे असतात

१९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तीच गणितं कागदावर मांडून दिली, तर सुमारे ३७ टक्के. मोठ्यांच्या वर्गातही हेच चित्र दिसतं. तोंडी हिशोबात कुणी हार जात नाही, आणि हातच्याची वजाबाकी मांडून दिली की सगळे गप्प.

म्हणून संगणकावरच्या गणिताच्या धड्यात त्यांना एकदम ढकलू नका. आधी तोंडी उत्तर मागा आणि "कसं काढलं?" ते विचारा. कुणी शंभराला पूर्ण करत जातं, कुणी निम्मं-निम्मं करतं. मग तीच रीत स्क्रीनवर आकड्यांत मांडून दाखवा. दोन-तीन वर्गांनंतर साधी स्प्रेडशीट उघडा : एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात खर्च, खाली बेरीज. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते, हे पाहून खुर्च्या पुढे सरकतात.

८. एक तास कसा घालवायचा

मी साठ मिनिटं अशी वाटते : दहा मिनिटं कालचं आठवून बघणं, पंचवीस मिनिटं संगणकावर ज्याचा-त्याचा धडा, पंधरा मिनिटं वहीत हाताने लिहिणं, उरलेली दहा मिनिटं गप्पा. वही सोडू नका. सही कागदावरच करायची असते, आणि नुसत्या कळा दाबून अक्षराचं वळण हाताला कळत नाही.

आठवड्यातून तीन दिवस एकेक तास, हे एका दिवशी तीन तासांपेक्षा कितीतरी चांगलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं सगळ्यात जास्त गळतं ते पहिल्या काही तासांत. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची उजळणी झाली, तरी बरंच वाचतं.

९. जिथे बहुतेक वर्ग फसतात

*भिंतीवरचा गुणतक्ता.* सॉफ्टवेअर सगळ्यांचे गुण एका यादीत दाखवतं म्हणून ती यादी लावू नका. सगळ्यात खालचं नाव दुसऱ्या दिवशी येत नाही.

*दुसऱ्याची गुपितं.* तुम्ही विश्वासाचं माणूस झालात की लोक पासवर्ड, पिन, ओटीपी सांगायला लागतात. "तुम्हीच करून टाका." ऐकूच नका, कान झाका. स्वतः टाकायला शिकवा आणि टाकताना मान वळवा. हा धडा बाराखडीइतकाच महत्त्वाचा आहे.

*गैरहजेरीची विचारपूस.* परत आलेल्या माणसाला "कुठे होतात इतके दिवस?" असं विचारू नका. फोल्डर उघडून द्या आणि जिथे सोडलं होतं त्याच्या एक धडा मागून सुरू करा, म्हणजे पहिला तास सोपा जातो.

*पुसलेलं काम.* एक दादा रोज जायच्या आधी स्वतः लिहिलेलं सगळं पुसून टाकायचे. मला वाटायचं, जतन करायचं विसरतात. दोन महिन्यांनी कळलं की नंतर त्या संगणकावर बसणाऱ्याला ते दिसू नये, म्हणून पुसत होते. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं आणि त्याला पासवर्ड असावा, हा नियम तेव्हापासून आला.

*उत्साही नातेवाईक.* मुलगा-मुलगी शेजारी बसून भराभर उत्तरं सांगतात. त्यांना प्रेमाने बाहेर बसवा.

१०. परीक्षा आणि कागदपत्रं

सगळ्यांना प्रमाणपत्र नको असतं. ज्यांना कामासाठी किंवा पुढच्या इयत्तेच्या समकक्ष परीक्षेसाठी ते हवंय, त्यांची कागदपत्रं आधीच जमवायला घ्या, अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात नको :

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, मूळ आणि प्रती
- जन्मतारखेचा पुरावा
- पूर्वी शाळेत गेले असतील, तर शाळा सोडल्याचा दाखला
- नाव बदललं असेल, तर त्याचा कागद
- फोटो, आणि चालू असलेला स्वतःचा फोन क्रमांक

घोटाळा कायम नावात आणि तारखेत होतो. एका कागदावर लग्नाआधीचं नाव, दुसऱ्यावर नंतरचं, तिसऱ्यावर वेलांटीची चूक. जन्मतारीख तर अनेकांची कुणीतरी अंदाजाने लिहिलेली असते. सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, आणि हे काम शिकणाऱ्यालाच करू द्या. स्वतःच्या नावातली चूक स्वतः शोधणं हा वाचनाचा उत्तम सराव आहे. एका मावशींना त्यांच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव वीस वर्षं चुकीचं असल्याचं अशा वेळी सापडलं. त्या इतक्या चिडल्या, की दुरुस्तीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

परीक्षा संगणकावर असेल, तर महिनाभर आधी घड्याळ लावून सराव सुरू करा. 'पुढे', 'मागे', 'जमा करा' ही बटणं शब्द म्हणून वाचता यायला हवीत, नुसती जागेवरून ओळखून चालत नाही, कारण परीक्षेत ती दुसऱ्या कोपऱ्यात असतात. उत्तरं राहिलेली असताना 'जमा करा' दाबलं, तर कुठली सूचना येते, ती छापून आणून वाचायला द्या. परीक्षेचं केंद्र एकदा आधी जाऊन बघून या. आणि वर्गाच्या खणात जवळच्या नंबरचे दोन-तीन जादा चष्मे ठेवा. परीक्षेला निघताना ते पिशवीत टाका, कारण त्या दिवशी चष्मा खरंच घरी राहतो.